गवंडी

दगड उचलायचा तो अलगद,
झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढावा तसा,
आणि पालथा करून आधी त्याचं पोट बघायचं.
हे मला ठमी हिलमने शिकवलं
बावधनच्या पुलाखाली. तेव्हा पूल नव्हता,
नुसती फरशी होती, आणि रामनदीला सगळे ओढाच म्हणायचे.
ती खेकडे धरायला यायची,
मी पीएचडी.

दगडाच्या पोटाला चिकटलेली असायची
तांदळाएवढी एक नळी,
वाळूचा कणन् कण पारखून बांधलेली. आत अळी.
माझ्याकडे तिचं लॅटिन कुळ होतं,
मराठी नाव नव्हतं.
ठमी म्हणाली, ह्यो गवंडी.
लाळंनं बांधतो घर, कुणाचं देणं ठेवत नाही.

तेव्हापासून वहीत तेच लिहिते.
गवंडी: एकेचाळीस.
तीन शेपट्यांच्या अळ्या: मोजून संपल्या नाहीत.
चतुराची पिल्लं: नऊ.
खेकडा: एक. ठमीने नेला.

मग वरची टेकडी कापली.
त्या वर्षी पाणी चहासारखं आलं
आणि जाताना साय ठेवून गेलं दगडांवर.
लोकांना वाटतं ओढा म्हणजे पाणी.
ओढा म्हणजे फटी.
दगडादगडांतल्या त्या बोळांत
सगळी वस्ती होती, अंधारी, गार, वाहत्या हवेची.
बोळ बुजले. वरून पाणी वाहतच राहिलं,
त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

पूर्वी पावसाचं पाणी टेकडीच्या पोटात मुक्काम करून यायचं,
दोन-चार दिवसांनी, निवांत, माहेरवाशिणीसारखं.
आता गच्चीवरून पार्किंगमध्ये, पार्किंगमधून गटारात,
पाऊण तासात दणदणत येतं,
तापलेलं, टायरचा वास घेऊन,
आणि हाताला लागेल ते उपटून नेतं.
मधल्या दिवसांत येतो फक्त फेस.

काठावर निर्झर हाइट्स उभी राहिली.
तिथे खाली लावलेल्या काळ्या गाड्यांच्या बॉनेटवर
चतुराच्या माद्या शेपूट टेकवून टेकवून अंडी घालतात.
त्यांची चूक नाही.
लाखो वर्षं जमिनीवर जे चकाकलं
ते पाणीच होतं.

गवंडी: सात.
गवंडी: दोन.
मग तो रकाना नुसता आखत गेले.
लाल अळ्या मात्र मूठमूठ निघायच्या,
श्वास कोंडणाऱ्या गाळात आपलं लालभडक रक्त सांभाळत.
त्यांना नावं ठेवायला जीभ धजत नाही.
अशाच चिवट लोकांवर शहर चालतं.

वॉचमन विचारतो, मॅडम, काय हरवलंय का?
मोजतेय, म्हणते.
तो डोकावून बघतो ट्रेमध्ये. काहीच तर नाही.
तेही मोजावं लागतं, बाबा.

यंदा दिवाळीनंतर भूगावच्याही वर गेले,
एका फार्महाउसच्या कुंपणामागे, जिथे ओढा अजून
माझ्या दोन ढांगांएवढा आहे.
अकरावा दगड. पोटाशी नळी.
अर्धी वाळूची,
पुढे निळ्या टाइलचा चुरा, कुणाच्या तरी बाथरूमचा,
आणि तोंडाशी, उंबऱ्याला लावावी तशी,
गणपतीच्या मखराची एक सोनेरी टिकली.
भिंग धरलं. आतून डोकं बाहेर आलं,
माझ्याकडे न बघता एक कण उचलला,
फिरवून बघितला, टाकून दिला,
दुसरा घेतला.

वहीत लिहिलं, गवंडी: एक.
शेऱ्याच्या रकान्यात: काम चालू.
फोटो ठमीच्या लेकाला पाठवला. मुळशीकडे असतात ते आता.
संध्याकाळी तिचा आवाज आला फोनवर,
मागे कोंबड्या, भांडी:
काम बरं हाय त्याचं.
भिंत पातळ घातलीया पर.
आजून एक थर लागंल.